दुधाचे दात : पडायचे असले तरी राखायचे

मुलाच्या तोंडात पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि दुधाची शेवटची दाढ अकराव्या-बाराव्या वर्षी पडते. या काळात मूल भाकरी चावायला शिकते, बोलायला लागते, शाळेत जाते, अंगाने भरते. हे सगळे ज्या वीस दातांच्या आधाराने होते, त्यांच्याविषयी घराघरांत एकच वाक्य ऐकू येते : दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत. पडणार हे खरे. पण समोरचे पटाशीचे दात सहा-सात वर्षे आणि दाढा आठ-नऊ वर्षे तोंडात राहतात. वाढीच्या वयातल्या मुलाला इतकी वर्षे दुखऱ्या, किडलेल्या दातांनी काढायला लावणे ही लहान गोष्ट नाही.

दात किडण्याच्या या रोगाचा पसारा मोठा आहे. भारतात २००२-०३ साली झालेल्या राष्ट्रीय मुखआरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगातल्या ५१ कोटींहून अधिक मुलांच्या दुधाच्या दातांना कीड आहे. हा रोग टाळता येतो, त्याला फार पैसा लागत नाही आणि टाळण्याचे बहुतेक काम घरातच होते.

दुधाचे दात कशासाठी

दुधाच्या दातांचे पहिले काम अर्थातच चावण्याचे. दाढ दुखणारे मूल घास गालात धरून ठेवते, मऊ आणि गोडच मागते, भाकरी-भाजी टाळते. त्याची झोप मोडते, वजन मागे पडते. अशा मुलाला ‘खाण्याचे नखरे करते’ म्हणून रागावले जाते. दुखण्याचे ठिकाण त्याला सांगता येत नाही आणि त्याच्या तोंडात कोणी डोकावलेले नसते.

दुसरे काम उच्चाराचे. त, थ, द, ध, न या वर्णांना व्याकरणात दंत्य म्हणतात, कारण ते उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांना टेकते. समोरचे दात दोन-तीन वर्षांच्या वयातच किडून गेले, तर मूल बोलायला शिकते त्याच काळात हा आधार नाहीसा होतो.

तिसरे काम पालकांना सहसा माहीत नसते : जागा राखण्याचे. प्रत्येक दुधाच्या दाताखाली हाडात कायमचा दात तयार होत असतो. तो वर सरकू लागला की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळते, दात हलतो आणि पडतो. दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली, तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची वाट अडते. मग तो वाकडा येतो किंवा हाडातच अडकून राहतो. पुढे तारा लावून दात सरळ करण्याचा जो खर्च होतो, त्यातल्या काही खर्चाचे मूळ अशा अकाली गेलेल्या दाढेत असते. शिवाय दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला, तर खाली घडत असलेल्या कायमच्या दातावर डाग पडू शकतो किंवा त्याची घडण बिघडू शकते.

दात केव्हा घडतात, केव्हा येतात

दात येतो बाळाच्या सहाव्या महिन्यात; घडायला लागतो आईच्या पोटात. गर्भ सहा-सात आठवड्यांचा असताना दुधाच्या दातांचे अंकुर धरतात आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास ते कठीण होऊ लागतात. जन्माच्या वेळी दुधाच्या दातांचा बराच भाग हिरडीखाली तयार असतो. सहाव्या वर्षी येणारी कायमची पहिली दाढही जन्माच्या आसपासच घडायला सुरुवात होते. म्हणून गरोदर बाईचा आहार मुलाच्या दातांशी थेट जोडलेला आहे. टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविके गरोदरपणाच्या उत्तरार्धात किंवा मुलाला आठ वर्षांच्या आत दिली, तर घडणाऱ्या दातांवर कायमचे पिवळे-तपकिरी डाग पडू शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषध घेऊ नये, याचे हे आणखी एक कारण.

बहुतेक बाळांना आधी खालचे समोरचे दोन दात येतात, मग वरचे. बारा ते सोळा महिन्यांच्या सुमारास पहिली दाढ, मग सुळा आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत शेवटची दाढ अशी वीस दातांची भरती पुरी होते : प्रत्येक जबड्यात चार पटाशीचे, दोन सुळे, चार दाढा. या वेळापत्रकात चार-सहा महिन्यांचा फरक नेहमीचाच असतो. दीड वर्षापर्यंत एकही दात दिसला नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

वरचे दात आधी आले तर मामावर संकट येते, असा समज महाराष्ट्रात अनेक घरांत आहे. दात येण्याचा क्रम निसर्गतः थोडा मागेपुढे होतो. त्याचा मामाशी काही संबंध नाही. क्वचित एखादे बाळ दात घेऊनच जन्माला येते. त्यातही अशुभ काही नसते. दात फार हलत असेल किंवा अंगावर पाजताना आईला जखम होत असेल, तर डॉक्टर तो काढायचा की ठेवायचा हे ठरवतात.

दात येताना जुलाब होतातच, ही समजूत जास्त धोक्याची आहे. दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, बाळ किरकिर करते आणि हाताला येईल ते तोंडात घालते. त्याच सुमारास आईकडून जन्मतः मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते, बाहेरचे अन्न सुरू होते आणि घाणेरडी वस्तू तोंडात गेल्याने जंतुसंसर्ग होतो. जुलाब त्याने लागतात. ‘दाताचे जुलाब’ म्हणून ते अंगावर काढले, तर बाळाच्या अंगातले पाणी कमी होऊन जिवावर बेतू शकते. जुलाबांना क्षारसंजीवनी आणि डॉक्टर, खूप ताप असेल तर डॉक्टर. शिवशिवणाऱ्या हिरड्यांना स्वच्छ, गार, ओले फडके किंवा चावायची रबरी रिंग पुरते.

कीड म्हणजे काय

मराठीत दाताला ‘कीड लागते’. या शब्दामागे फार जुनी कल्पना आहे : दातात अळी शिरते आणि तो पोखरते. ही कल्पना जगभर होती. फ्रेंच दंतवैद्य पियेर फोशार याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती नाकारली आणि दात किडण्याचा संबंध साखरेशी जोडला. १८९० साली विलोबी मिलर याने जंतू आणि आम्ल यांची सांगड घालून दाखवली. तरीही दातातली अळी काढून दाखवणारे भोंदू अजून बाजारात भेटतात. दातात अळी नसते, हे मुलांनाही सांगितले पाहिजे.

प्रत्यक्षात घडते ते असे. दातांवर जंतूंचा एक चिकट, पांढरट थर सतत साचत असतो. त्यातले काही जंतू, विशेषतः स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, साखर मिळताच काही मिनिटांत आम्ल तयार करतात. थराचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण आवरणातले, म्हणजे इनॅमलमधले, क्षार विरघळू लागतात. खाणे थांबल्यावर लाळ हे आम्ल हळूहळू धुऊन काढते आणि कॅल्शियम-फॉस्फेट पुन्हा दाताला देते. या दुरुस्तीला साधारण अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. झीज आणि दुरुस्ती अशी दिवसभर चालू असते. झीज वरचढ ठरली की खड्डा पडतो.

दुधाच्या दाताचे इनॅमल कायमच्या दाताच्या जवळजवळ निम्मे जाड असते आणि आतली नस त्यामानाने मोठी असते. त्यामुळे मोठ्या माणसाच्या दातात जी कीड वर्षानुवर्षे रेंगाळते, ती मुलाच्या दातात काही महिन्यांत नसेपर्यंत पोचते. आज बारीक दिसणारा डाग पुढच्या सुट्टीपर्यंत रात्री रडवणारी दाढ होऊ शकतो.

हे जंतू बाळाला बहुधा घरातूनच मिळतात, आणि त्यात आईकडून मिळण्याचा संभव जास्त. बाळाचा चमचा आधी स्वतःच्या तोंडात घालून पाहणे, घास चावून भरवणे, खाली पडलेली चोखणी चाटून पुन्हा बाळाच्या तोंडात देणे, यातून लाळेबरोबर जंतूही जातात. म्हणून गरोदरपणातच आईने स्वतःचे किडलेले दात दुरुस्त करून घेणे, ही बाळाच्या दातांची पहिली काळजी ठरते. ते उपचार गरोदरपणात, विशेषतः मधल्या तीन महिन्यांत, सुरक्षितपणे होतात.

बाटली आणि रात्र

एक-दीड वर्षाच्या बाळाचे वरचे समोरचे चार दात हिरडीलगत पांढरट, मग पिवळे, मग काळे होतात आणि तुटून खुंट उरतात. खालचे समोरचे दात मात्र बहुधा शाबूत असतात. हे चित्र पाहिले की बालदंतवैद्य पहिला प्रश्न रात्रीच्या बाटलीचा विचारतात. बाळ बाटली चोखत झोपते तेव्हा गोड दूध वरच्या दातांभोवती साचते. खालचे दात जिभेआड आणि लाळेत झाकलेले असतात. झोपेत लाळ फार कमी सुटते, गिळणेही मंदावते, त्यामुळे आम्ल धुऊन काढणारे कोणी उरत नाही. दुधात साखर, ग्लुकोजचे पाणी, फळांचा रस किंवा सरबत बाटलीत असेल तर नुकसान आणखी लवकर होते. मधात बुडवलेली चोखणीही तेच करते. मध एक वर्षाच्या आत बाळाला कोणत्याही निमित्ताने, गुटीतूनसुद्धा, चाटवू नये. त्यातून बॉट्युलिझम नावाचा जीवघेणा आजार होण्याचा धोका असतो.

आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे आणि पहिले सहा महिने तेच पुरते. पुढेही ते चालू ठेवावे. मात्र दात आल्यावर आणि वरचे अन्न सुरू झाल्यावर रात्री झोपण्यापूर्वी दात पुसणे सोडू नये. बाटली देणे भागच असेल तर ती बसवून पाजावी, अंथरुणात देऊ नये. एक वर्षाच्या सुमारास बाटली सोडवून वाटी-चमचा किंवा पेल्याची सवय लावावी. गोड पातळ औषध रात्री दिले तर नंतर पाणी पाजून दात पुसावेत.

किती गोड, आणि किती वेळा

स्वीडनमधल्या विपेहोल्म या संस्थेत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत साखर आणि दात यांचा एक मोठा अभ्यास झाला. तो मतिमंद रुग्णांवर त्यांच्या संमतीवाचून केला गेला आणि आज तो नीतीच्या दृष्टीने निंद्य मानला जातो. त्यातून हाती आलेले सत्य मात्र विसरता येत नाही : जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये पुन्हापुन्हा खाल्लेली चिकट गोडी दातांना कितीतरी जास्त घातक ठरली.

मराठी घरातला मुलाचा दिवस या कसोटीवर तपासता येतो. सकाळी साखर घातलेले दूध किंवा चहा-बिस्कीट, शाळेच्या डब्यात जॅम-पोळी, सुटल्यावर गोळी, संध्याकाळी पुन्हा बिस्कीट, रात्री गोड दूध. प्रत्येक वेळी आम्लाचा अर्धा-पाऊण तास सुरू होतो आणि दाताला दुरुस्तीसाठी सवड उरत नाही. बिस्किटे आणि बटाट्याचे वेफर्स तोंडात लगदा होऊन दाढांच्या खाचांत तासभर चिकटून राहतात. गूळ साखरेपेक्षा पौष्टिक समजला जातो; दातावरच्या जंतूंना मात्र दोन्ही सारखेच. चिक्की आणि तिळगूळ चिकटतात, म्हणून ते जेवणाबरोबर खावेत आणि वर पाणी प्यावे.

सणावारी गोड खाल्ल्याने दात किडत नाहीत. रोज सहा वेळा थोडेथोडे गोड खाल्ल्याने किडतात. गोड जेवणाला जोडून द्यावे, मधल्या भुकेला काकडी, गाजर, फळाची फोड, दही, पनीर, उसळ द्यावी. अख्खे शेंगदाणे-फुटाणे चार-पाच वर्षांच्या आत देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. दोन वर्षांच्या आत मुलाच्या खाण्यात वरून साखर घालूच नये. चव तेव्हाच घडते. एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांपेक्षा कमी, आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या आत, एवढाच वाटा साखरेचा असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे.

दात कोणी घासायचे

दात यायच्या आधी दिवसातून एकदा स्वच्छ ओल्या फडक्याने हिरड्या पुसाव्यात. त्याने बाळाला तोंडात बोट घालू देण्याची सवय लागते. पहिला दात दिसला की लहान डोक्याचा मऊ ब्रश वापरावा. अनेक घरांत याच सुमारास बाळाचे उष्टावण होते. तोंडात पहिला घास आणि दातावर पहिला ब्रश, या दोन गोष्टी एकत्र सुरू झाल्या तर आठवण वेगळी ठेवावी लागत नाही.

तीन-चार वर्षांचे मूल ‘मी घासतो’ म्हणते तेव्हा पालक सुटका झाली असे समजतात. दाढेच्या मागच्या बाजूपर्यंत ब्रश नेण्याचे कसब सात-आठ वर्षांपर्यंत हातात येत नाही. ज्या मुलाला स्वतःच्या बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, त्याला दातही नीट घासता येत नाहीत. मुलाला आधी घासू द्यावे, मग मोठ्याने ब्रश हातात घेऊन दोन मिनिटे घासावे. अगदी लहान बाळासाठी दोघांनी गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसावे, बाळाचे डोके एकाच्या मांडीवर घ्यावे. थोड्या मोठ्या मुलाच्या मागे उभे राहून त्याची हनुवटी हातात धरावी. ब्रश हिरडी आणि दाताच्या सांध्यावर हळुवार फिरवावा. दिवसातून दोनदा घासावे. त्यातली रात्रीची वेळ कधीही चुकवू नये आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नये.

राखुंडी, कोळशाची पूड, विटकरीची पूड, खरखरीत लाल दंतमंजन यांनी दात झिजतात. मशेरीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ही पूड महाराष्ट्रात अजून अनेक बायका दातांना लावतात आणि मूल ते पाहत मोठे होते. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट-टूथपावडरवर भारत सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. तिच्यामागचे कारण घरी भाजलेल्या मशेरीलाही तितकेच लागू आहे. मुलाच्या दुखऱ्या दाढेवर मशेरी किंवा तंबाखू ठेवणे म्हणजे व्यसनाची पहिली चव आपल्या हाताने देणे होय.

फ्लोराइड : थोडे आणि नेमके

फ्लोराइड इनॅमलला आम्लापुढे टिकाव धरायला मदत करते आणि झिजलेल्या जागी क्षार पुन्हा बसवते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. पेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइडचे प्रमाण छापलेले असते. भारतात कमाल मर्यादा दर दहा लाख भागांत १००० भागांची आहे. मुलांची म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते बरेच कमी असते किंवा नसतेच. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती मोठ्यांनी लावून द्यावी आणि मुलाला थुंकायला शिकवावे. थुंकल्यावर खळखळून चुळा भरण्याची गरज नाही. थोडे फ्लोराइड दातावर राहू द्यावे.

हेच फ्लोराइड जास्त झाले तर घात करते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात ते मर्यादेबाहेर आहे. दर लिटरला १ मिलिग्रॅम हे योग्य, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. आठ वर्षांच्या आत मुलांनी मर्यादेबाहेर फ्लोराइड असलेले पाणी सतत प्यायले तर कायमच्या दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी पट्टे उमटतात, आणि फार वर्षे प्यायल्यास हाडेही जखडतात. या गावांत आधी सुरक्षित पाणी मिळवणे महत्त्वाचे. पेस्ट कोणती व किती, हे तिथल्या दंतवैद्याला विचारून ठरवावे.

सहा वर्षांची दाढ

सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, काहीही न पडता, चार नव्या दाढा येतात. कोणताही दात पडलेला नसल्याने पालक त्यांना दुधाच्याच समजतात. त्या कायमच्या असतात आणि दोन्ही जबड्यांची ठेवण त्यांच्यावर बेतलेली असते. त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात आणि ब्रश तिथवर पोचत नाही, म्हणून कायमच्या दातांत कीड बहुधा इथूनच सुरू होते. दाढ पूर्ण वर आली की दंतवैद्य तिच्या खाचा सीलंटच्या पातळ थराने बुजवतात. दात कोरावा लागत नाही, दुखत नाही.

याच वयात खालचे नवे दात कधी दुधाच्या दातांच्या मागे दुसऱ्या रांगेत येतात. पुढचा दात हलत असेल तर तो पडल्यावर जीभ नव्या दाताला जागेवर ढकलते. आठव्या-नवव्या वर्षी वरच्या दोन दातांत दिसणारी फटही सुळे उतरल्यावर पुष्कळदा आपोआप मिटते. अंगठा चोखण्याची सवय चार वर्षांपर्यंत सुटली तर नुकसान सहसा राहत नाही. त्यानंतर ती ओरडून किंवा तिखट लावून सोडवण्यापेक्षा समजावून आणि डॉक्टरांच्या मदतीने सोडवावी.

दवाखान्यात केव्हा, कशासाठी

पहिली भेट पहिल्या वाढदिवसाच्या आत व्हावी, नंतर दर सहा महिन्यांनी. त्या भेटीत काही दुखत नाही, म्हणून मुलाला दवाखान्याची भीती बसत नाही. ‘ऐकले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी घरातून हद्दपार व्हावी. घरीही महिन्यातून एकदा उजेडात वरचा ओठ उचलून पाहावे. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असते आणि फ्लोराइडचा लेप व खाण्यातला बदल यांनी ती तिथेच थांबवता येते.

खड्डा पडल्यावरही दात वाचतो. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब कीड रोखतो; किडलेली जागा काळी पडते, पण इंजेक्शन आणि ड्रिल टळते. लहान खड्डा सिमेंटने भरतात; नसेपर्यंत गेलेल्या दाढेच्या नसेवर उपचार करून वर स्टीलची कॅप बसवतात. दाढ काढावीच लागली तर जागा राखणारी तारेची कडी लावतात. गालावर सूज आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

खेळताना कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो माथ्याकडून धरावा, मूळ घासू नये, पाण्याखाली क्षणभर धुऊन पुन्हा खाचेत बसवावा. ते जमले नाही तर दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचावे. दुधाचा निघालेला दात मात्र परत बसवू नये. त्यामुळे हाडात घडत असलेल्या कायमच्या दाताला इजा होते.

घराबाहेरची जबाबदारी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरहून झाली. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतल्या मुलांची एकदा तपासणी होते; दातांच्या तक्रारीही तिच्या कक्षेत येतात. तपासणीचे पथक आले की दात दाखवावेत, कागदावर लिहिलेला पुढचा पत्ता गाठावा. अंगणवाडीत आणि पाळणाघरात खाऊनंतर चूळ, वाढदिवसाला चॉकलेटऐवजी फळ, शाळेच्या दाराशी गोळ्यांऐवजी पिण्याचे पाणी, एवढ्या गोष्टी कोणत्याही योजनेची वाट न पाहता करता येतात.

आज रात्री, मूल झोपण्यापूर्वी, त्याचा वरचा ओठ उचलून पाहावा आणि ब्रश मोठ्यांनी आपल्या हातात घ्यावा. दुधाचे दात पडणारच आहेत. ते वेळेवर, आपापल्या पाळीने आणि न दुखता पडावेत, एवढे पाहणे प्रत्येक पालकाच्या हाती आहे.